कंबरेची शस्त्रक्रिया आणि भुलीची निवड

मांजरसुंब्याजवळचे कपिलधार हे बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले क्षेत्र. श्री मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव समाजाचे ते श्रद्धास्थान झाले असून कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातून पायी दिंड्या तेथे येतात. पावसाळ्यात धबधबा पाहण्यासाठी बीड शहरातील सर्व समाजांची कुटुंबे तेथे जातात. त्यांत मोंढ्यातील आणि कापडपेठेतील जैन कुटुंबेही असतात. अशा डोंगराळ ठिकाणी घरातील वडीलधाऱ्यांच्या चालण्याकडे कोणी नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात यावी. काही वृद्धांना चढ चढणे जमते, परंतु उतार उतरताना मात्र त्यांच्या पोटऱ्या भरून येतात, पाय बधिर होतात आणि दर शंभर पावलांवर बसावेसे वाटते. बसून थोडे पुढे वाकले की आराम पडतो.

यामागे शरीराचे साधे गणित आहे. उतारावर माणूस तोल सावरण्यासाठी मागे झुकतो, त्यामुळे कंबरेच्या मणक्यांतील नलिका अरुंद होते आणि आतील नसा दाबल्या जातात. चढावर तो पुढे वाकतो, तेव्हा तीच नलिका थोडी मोकळी होते. पायांच्या रक्तवाहिन्या आकसल्या असतील, तर याच्या उलट चढावर त्रास अधिक होतो. अनुभवी वैद्य म्हणूनच रुग्णाला आधी विचारतात, की उतारावर दुखते की चढावर.

वर्षानुवर्षे गादीवर मांडी घालून बसणे, पोती उचलणे, मोटारीतून दूरचे प्रवास करणे, यांमुळे व्यापारी घरांत कंबरदुखी घरोघरी आढळते. बहुतेक कंबरदुखी विश्रांती, व्यायाम आणि औषधांनी बरी होते. शस्त्रक्रियेपर्यंत जाणारे रुग्ण थोडेच. पण पायातील शक्ती कमी होऊ लागली, चकती सरकून नस दीर्घकाळ दाबली गेली, किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटू लागला, तर शस्त्रक्रिया टाळणे धोक्याचे ठरते. यांतील शेवटचे लक्षण दिसले तर एक दिवसही थांबू नये. बीड जिल्ह्यातील रुग्ण अशा वेळी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, छत्रपती संभाजीनगरला, सोलापूरला किंवा पुण्याला जातात. आष्टी-कडा भागातील कुटुंबांना अहिल्यानगर जवळ पडते.

गाव आणि डॉक्टर ठरला की घरात पुढचा प्रश्न निघतो, तो भुलीचा. वडिलांना पूर्ण बेशुद्ध करणार, की केवळ कंबरेखालचा भाग बधिर करणार? आणि बधिर करणार असतील, तर कोणत्या औषधाने? हा प्रश्न बहुधा शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, घाईत विचारला जातो. त्याचा विचार काही दिवस आधी झाला तर रुग्णाचे बरेच हित साधते.

सुई कोठे जाते

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू प्रौढ माणसात कंबरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली केवळ नसांचा झुबका द्रवात तरंगत असतो. भूलतज्ज्ञ दोन्ही बाजूंची कटीची हाडे चाचपून तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधील जागा शोधतात आणि केसासारखी बारीक सुई त्या द्रवापर्यंत नेतात. ‘मणक्यात सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते’ ही समजूत घरोघरी असली, तरी तिला आधार नाही. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. त्यानंतरची कंबरदुखी बहुधा मूळ आजाराची, किंवा फार वेळ एकाच स्थितीत पडून राहण्याची असते.

या द्रवात अगदी थोडे औषध सोडले, तरी काही मिनिटांत पाय जड व उबदार वाटू लागतात, मग संवेदना जाते आणि शेवटी पाय हलवता येत नाहीत. माणूस जागा असतो, बोलतो, श्वास स्वतः घेतो. कंबरेच्या शस्त्रक्रियेत त्याला पालथे झोपवावे लागते. जागा असल्याने तो स्वतःचे हात, मान आणि चेहरा सोयीस्कर ठेवू शकतो. बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यांवर किंवा खांद्याच्या नसांवर दाब येण्याची जी भीती असते, ती येथे कमी होते. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटीही तुलनेने कमी आढळते.

कोकेनपासून ब्युपिव्हॅकेनपर्यंत

या पद्धतीची सुरुवात १६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतील कील येथे झाली. ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने एका मजुराच्या घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच्या मणक्यांत कोकेन सोडले. पुढे काही दिवसांतच बीअर आणि त्याचा सहकारी हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग परस्परांवर करून पाहिला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडीने ठोकले तरी त्याला कळले नाही. मात्र नंतर दोघेही डोकेदुखीने बेजार झाले. बीअरला तर कित्येक दिवस उठून बसता येईना. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपल्याने होणारी ही डोकेदुखी आजही अधूनमधून आढळते. परंतु टोकाशी पेन्सिलीसारख्या, अतिबारीक सुयांमुळे तिचे प्रमाण फार घटले आहे.

कोकेन व्यसन लावणारे आणि घातक होते. म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १९०४-०५ च्या सुमारास प्रोकेन तयार केले. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन शोधले आणि ते १९४८ पासून बाजारात आले. स्वीडनमध्येच १९५७ मध्ये ब्युपिव्हॅकेनचा शोध लागला आणि मणक्यातील भुलीसाठी आज भारतात सर्वाधिक वापरले जाणारे औषध हेच आहे.

बीडच्या वाचकांना या इतिहासाची एक शाखा जवळची वाटावी. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या खर्चाने दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांची खात्री होती, की क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही. श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे. ते सिद्ध करण्यासाठी शेकडो मुक्या प्राण्यांचे बळी गेले आणि आयोगाने लॉरींच्या बाजूने कौल दिला. पुढे १९११ मध्ये इंग्लंडमधील गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक थांबू शकते. इतक्या हिंसेनंतर हाती आलेला निष्कर्षही अपुरा निघाला. याच हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेने भूल देण्याचे काम केले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

या इतिहासातून मिळणारा धडा अनेकांताच्या जवळ जाणारा आहे. कोणतेही एक औषध सर्वांसाठी आणि सर्व प्रसंगी उत्तम नसते. रुग्ण, शस्त्रक्रिया आणि वेळ यांच्या अपेक्षेनेच त्याचे गुणदोष ठरतात.

औषधांमधील भेद

शस्त्रक्रिया किती वेळ चालेल, हा निवडीचा पहिला निकष. एका चकतीची शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तास चालते आणि ब्युपिव्हॅकेनचा परिणाम दोन ते तीन तास टिकतो. म्हणून दोघांचे जुळते. सामान्यतः अर्धा टक्के तीव्रतेचे अडीच ते साडेतीन मिलिलीटर औषध पुरते. नेमकी मात्रा उंची, वय आणि प्रकृती पाहून भूलतज्ज्ञच ठरवतात.

ब्युपिव्हॅकेन दोन रूपांत मिळते. एकात साखर, म्हणजे डेक्स्ट्रोज, मिसळलेली असते; ते ‘हेवी’ म्हणून ओळखले जाते. पाण्याच्या पेल्यात सोडलेला साखरेचा पाक जसा तळाशी बसतो, तसे हे औषध द्रवात खालच्या बाजूस सरकते. रुग्णाला बसवून, उताणे किंवा कुशीवर ठेवून त्याचा प्रसार वळवता येतो. ते नसांवर स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटे, रुग्णाला उताणा ठेवतात आणि मगच पालथा करतात. दुसरे, साखर नसलेले रूप द्रवाइतक्याच वजनाचे किंवा किंचित हलके असल्याने सोडलेल्या जागेच्या आसपास राहते. कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी काही भूलतज्ज्ञ हे दुसरे रूप पसंत करतात, काहींचा हात पहिल्यावर बसलेला असतो. दोन्ही मार्ग मान्य आहेत.

रोपिव्हॅकेन आणि लेव्होब्युपिव्हॅकेन ही त्याच घराण्यातील नंतरची औषधे. १९७९ मध्ये जॉर्ज ऑलब्राइट यांनी ब्युपिव्हॅकेन चुकून रक्तात गेल्यास हृदयावर होणाऱ्या घातक परिणामाकडे लक्ष वेधले, तेव्हा त्यांचा शोध जोमाने सुरू झाला. मणक्यात मात्र औषधाची मात्रा इतकी अल्प असते, की हा धोका येथे फारसा उरत नाही. रोपिव्हॅकेनचा येथील लाभ निराळा आहे: त्याने पायांची हालचाल लवकर परतते. शस्त्रक्रियेनंतर सर्जनला रुग्णाचा पंजा वर-खाली होतो की नाही हे पाहावयाचे असते, कारण नस सुरक्षित असल्याची ती खूण असते. भूल फार लांबली तर ही तपासणी लांबते. भूल आधीच उतरली तर टाके घालण्यापूर्वी वेदना सुरू होतात. या दोन्हींमधला मध्य साधणे हेच निवडीचे कौशल्य.

लिडोकेनची कथा सावध करणारी आहे. ते लवकर चढते आणि लवकर उतरते, म्हणून एके काळी लोकप्रिय होते. १९९१ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांच्या नसांच्या झुबक्याला कायमची इजा झाल्याचे प्रसिद्ध झाले. अतिबारीक नळीतून तीव्र लिडोकेन पुनःपुन्हा एकाच जागी साचले होते. १९९२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्या नळ्या बाजारातून काढून टाकल्या. नंतर असेही दिसले, की एकदाच दिलेल्या लिडोकेननंतरही काही रुग्णांच्या नितंबांत व मांड्यांत काही दिवस कळा येतात. ज्याची कंबर व पाय आधीच दुखत आहेत, त्याला नवी कळ आजाराची की औषधाची, हे कळणे कठीण. म्हणून कंबरेच्या शस्त्रक्रियेत लिडोकेन मागे पडले. तासाभराच्या आतल्या लहान शस्त्रक्रियांसाठी परिरक्षकाविना तयार केलेले क्लोरोप्रोकेन हे नवे साधन आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेला मात्र ते बहुधा अपुरे पडते.

कधी मुख्य औषधासोबत फेंटॅनिल किंवा अत्यल्प मॉर्फीन देतात. त्याने वेदनाशमन लांबते. परंतु अंगाला खाज, मळमळ आणि क्वचित कित्येक तासांनी श्वास मंदावणे, असे परिणाम संभवतात. म्हणून मॉर्फीन दिलेल्या रुग्णावर रात्रभर लक्ष ठेवावे लागते.

कोणासाठी ही भूल नको

स्क्रू-पट्ट्या बसवावयाची, अनेक मणक्यांची, चार-पाच तासांची शस्त्रक्रिया असेल, तर पूर्ण भूलच योग्य. सुईच्या जागी जंतुसंसर्ग, रक्त गोठण्यातील दोष, हृदयाच्या झडपेचे गंभीर आकसणे, किंवा रुग्णाचा स्वतःचा नकार, ही ठळक कारणे. नलिका फारच अरुंद असेल तर औषध नीट पसरत नाही. फार स्थूल, अतिशय घाबरट, किंवा दोन तास पालथे पडून राहणे अशक्य असलेल्या रुग्णाला आग्रह करू नये. थोड्या रुग्णांत ही भूल अपुरी पडते. तेव्हा पालथ्या रुग्णाला पुन्हा उताणे करून पूर्ण भूल द्यावी लागते. अशी तयारी त्या ठिकाणी आहे की नाही, हे आधी विचारण्यात संकोच नसावा.

हृदयात स्टेंट बसवलेल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांनी विशेष जपावे. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस, वॉर्फरिन साधारण पाच दिवस आणि अपिक्सबान, रिव्हारोक्सबान यांसारखी नवी औषधे सुमारे तीन दिवस आधी थांबवावी लागतात. अन्यथा मणक्यात रक्ताची गाठ होऊन पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. परंतु स्टेंट ताजा असताना गोळी परस्पर बंद केली, तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. म्हणून हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा असतो. ‘डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतील’ या भीतीने गोळी लपवणे हा स्वतःवरच केलेला अन्याय होय.

तप, चौविहार आणि भूल

ही बाब जैन घरांसाठी सर्वांत महत्त्वाची असून रुग्णालयात ती क्वचितच विचारली जाते. मणक्यातील भुलीने पायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. शरीरात पाणी पुरेसे असेल तर तो सलाइन व औषधाने सहज सावरतो. शरीर कोरडे असेल तर एकाएकी कोसळू शकतो. चौविहार पाळणारा रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता असेल, तर तो सतरा-अठरा तास निर्जळ राहतो. वैद्यकशास्त्र जड अन्नाला सहा ते आठ तासांची मर्यादा घालते, पण साधे पाणी शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत घेण्यास सामान्यतः अनुमती देते. म्हणून सकाळी नवकारशीनंतर पाणी घेता येईल का, हे भूलतज्ज्ञांना विचारावे. शक्य असल्यास पहिल्याच क्रमांकाची वेळ मागून घ्यावी.

अठ्ठाई किंवा मासखमणानंतर लगेच नियोजित शस्त्रक्रिया ठेवू नये. पारण्यानंतर आहार पूर्ववत होऊ द्यावा. वर्षीतप चालू असेल तर ते स्पष्ट सांगावे. ‘उपवास’ म्हटले की इतरांना साबुदाणा आठवतो. केवळ उकळलेले पाणी, किंवा तेही नाही, हा अर्थ त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरा प्रसंग संध्याकाळचा. दुपारी शस्त्रक्रिया झाली तर भूल सूर्यास्ताच्या सुमारास उतरते आणि वेदना नेमकी तेव्हा सुरू होते, जेव्हा रुग्ण गोळी गिळण्यास नकार देतो. मग तो रात्रभर कण्हत राहतो आणि घरचे हतबल होतात. यावर उपाय आहे: सूर्यास्तापूर्वीच वेदनाशामकाची मात्रा, रात्री शिरेतून पॅरासिटामॉल, आणि टाके घालताना जखमेभोवती बधिर करणारे औषध. शिरेतून घेतलेल्या औषधाबद्दल मनात शंका असेल, तर आधीच गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. प्रत्याख्यानात आगार ठेवलेले आहेत ते उगीच नव्हे. शरीर सावरले तर साधना पुढे चालते.

औषधाच्या कुपीत काय असते

ब्युपिव्हॅकेन, रोपिव्हॅकेन ही प्रयोगशाळेत रसायनांपासून बनवलेली औषधे असून त्यांत प्राणिज घटक नसतात. पूर्ण भुलीत किंवा गुंगीसाठी दिले जाणारे दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल मात्र सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या मिश्रणात असते. गुंगीसाठी मिडाझोलम, डेक्समेडेटोमिडीन असे पर्याय अनेकदा उपलब्ध असतात. हेपरिन डुकराच्या आतड्यांपासून मिळते. काही कॅप्सूलांचे वेष्टन आणि रक्तदाब सावरण्यासाठीची काही द्रावणे जिलेटिनची असतात. कुटुंबाची इच्छा भूलपूर्व तपासणीत सांगितली, तर पर्याय शोधण्यास वेळ मिळतो. मात्र प्राणांतिक प्रसंगी डॉक्टरांचे हात बांधू नयेत. जाणीवपूर्वक केलेली हिंसा आणि जीव वाचवताना अपरिहार्यपणे घडलेली हिंसा, यांतील भेद आपल्याकडे लहानपणापासून शिकवला जातो.

भूलतज्ज्ञांपाशी पाच मिनिटे

सर्जनच्या कीर्तीची चौकशी दहा ठिकाणी होते, पण भूलतज्ज्ञांना बहुतेक रुग्ण टेबलावरच प्रथम पाहतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची भेट अवश्य मागावी आणि कागदावर लिहून न्यावे: चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिकसुद्धा, पूर्वीच्या भुलीत झालेला त्रास, मधुमेह, दमा, हृदयविकार, चालू तप आणि आहाराचे नियम. मग चार प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रिया किती वेळ चालेल आणि भूल तेवढी टिकेल का? ती अपुरी पडली तर पुढे काय? पाय किती वाजेपर्यंत हलू लागतील? आणि भूल उतरल्यावर, विशेषतः रात्री, वेदनेची व्यवस्था काय?

उत्तरानुसार निवड बदलेल. एखाद्या घरी दोघा भावांची कंबरेचीच शस्त्रक्रिया असली, तरी एकाला मणक्यातील भूल आणि दुसऱ्याला पूर्ण भूल सुचवली जाऊ शकते. त्यात विसंगती नाही. सांगितलेल्या वेळेनंतरही पाय हलत नसतील, पाठीत वाढती कळ येत असेल, लघवी अडली असेल, किंवा उठून बसताच डोके असह्य दुखत असेल, तर सकाळची वाट न पाहता परिचारिकेला बोलवावे. सहनशीलता हा तपाचा अलंकार आहे, पण रुग्णालयाच्या खाटेवर दुखणे लपवणे म्हणजे तप नव्हे.